पिस्ताबाई कागदात बांधून देत नसत

पिस्ताबाईंना सगळ्या जगाची किळस यायची.

आळेफाट्याला त्यांच्या मुलाचं, पारसचं, मेडिकल होतं आणि गल्ल्यावर पिस्ताबाई बसायच्या. म्हणजे दिवसभर खोकणाऱ्या, कण्हणाऱ्या, खरूज खाजवणाऱ्या माणसांच्या तोंडासमोर बसायच्या, आणि तरी कुणाचा हात हाताला लागला की लागलीच उठून साबणानं धुवायच्या. म्हणून काउंटरवर एक स्टीलची ताटली असायची. नोटा ताटलीत टाकायच्या, सुट्टे ताटलीतून उचलायचे. नवा माणूस हातात पैसे द्यायला गेला की त्या हात मागं घ्यायच्या आणि हनुवटीनं ताटली दाखवायच्या. "शेठाणीला माणसाचा विटाळ हाय," असं लोक म्हणायचे. पण त्यात भेदभाव नव्हता. सख्खा भाचा पुण्याहून मोटारीतनं आला तरी त्यालाही ताटलीच.

मारवाडातलं जैन घर, पण चार पिढ्या जुन्नर तालुक्यात गेलेल्या. बोलणं आमच्यासारखंच, फक्त रागावल्या की मराठी जास्त शुद्ध व्हायचं. पाणी गाळून पिणार. दिवस मावळायच्या आत जेवणार. थंडीत तर साडेपाचलाच दुकानाच्या मागच्या खोलीत त्यांचं ताट वाढलेलं असे. त्यानंतर कुणी चहा म्हणो, प्रसाद म्हणो, एकच उत्तर: "माझा दिवस मावळला." कांदा आयुष्यात तोंडाला लावला नाही, आणि राहायला कुठं, तर आळेफाट्याला. बाजाराच्या दिवशी कांद्याच्या गाड्यांची रांग दुकानासमोरून जायची आणि बाई नाकाला पदर लावून म्हणायच्या, "शी! घाण."

हा शब्द त्यांच्या तोंडात दिवसातून किती वेळा यायचा ते मी सांगू शकत नाही. रस्त्यावर थुंकलं, घाण. नासका टमाटा गटारात ओतला, घाण. पण हळूहळू माझ्या ध्यानात आलं, की ह्या झाल्या वरवरच्या घाणी. खरी घाण म्हणताना त्यांचा आवाज खाली जायचा आणि त्या नाकाला पदर लावत नसत.

मी त्यांच्या दुकानाला लागून असलेल्या पत्र्याच्या खोपटात फॉल-पिकोचं मशीन घेऊन बसायची. सातवीला शाळा सुटली, मग पिंपरी पेंढारच्या एका बाईंनी शिलाई शिकवली. जागा पिस्ताबाईंची. मधे नुसता पत्रा आणि पत्र्याला खिडकीएवढं भोक, पडदा लावलेलं. त्यामुळं पलीकडचं सगळं ऐकू यायचं, आणि पडद्याच्या फटीतून ताटली ठेवलेला काउंटर तेवढा दिसायचा. मी मशीन थांबवली तर ऐकते असं वाटेल, म्हणून चालूच ठेवायची. मला सगळ्याचीच भीती वाटायची तेव्हा. अजून वाटते.

मेडिकलमधे काही वस्तू कागदात बांधून देतात, हे सगळ्यांना माहीत आहे. बायकांचे पॅड, निरोध, जांघेच्या खाजेचं मलम. पारसनं जुन्या पेपरचे चौकोनी तुकडे करून खिळ्याला अडकवून ठेवलेले असत. पारस लाजाळू. गिऱ्हाईक नुसतं खाली मान घालून उभं राहिलं तरी त्याचा हात खिळ्याकडं जायचा. आणि पिस्ताबाई ते पुडकं गिऱ्हाइकाच्या देखत सोडायच्या. कागद घडी करून परत खिळ्याला.

"खोकल्याची बाटली उघडी नेता ना? मग हे पण न्या. चोरीचा माल विकत नाही आम्ही."

"अवो शेठाणी, लोकं बघत्यात."

"बघू दे. त्यांना पण लागतच असेल."

ह्यामुळं गिऱ्हाईक तुटलं. बरेचसे लोक रस्त्यापलीकडच्या मेडिकलात जाऊ लागले. पारस रडकुंडीला यायचा. पण दुसराही एक कायदा त्यांनी पारसला घालून दिला होता. दुकानात कुणाचं नाव मोठ्यानं घ्यायचं नाही, आणि कोण काय घेऊन गेलं हे घरात जेवतानासुद्धा बोलायचं नाही. मी एकदा सहज विचारलं, "भाभी, ती मगाची बाई कशाचं औषध घेऊन गेली?" तर त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की सुई बोटात गेली माझ्या. म्हणाल्या, "मंगल, वस्तू उघडी, नाव झाकलेलं. उलटं करतात लोक. वस्तू झाकतात आणि नाव गावभर करतात."

एक उपसरपंच होते. गावाचं नाव नको. ते आले की आधी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत उभे राहायचे. गर्दी ओसरली की पारसला म्हणायचे, "ते आपलं... ते दे."

"ते म्हणजे?" गल्ल्यावरून प्रश्न.

"शेठाणी, तुमी जरा आत जाता का?"

"मी आत गेले तर गल्ल्यावर कोण बसणार? बोला."

"फुगं."

"फुगे जत्रेत मिळतात."

शेवटी कानात सांगितल्यासारखं "निरोध" म्हणाले. बाईंनी पाकीट ताटलीत ठेवलं. उपसरपंचांनी टोपी काढून त्यावर झाकली आणि टोपीसकट उचलून चालते झाले. मला पत्र्याआड हसू आवरेना. पिस्ताबाई मात्र हसल्या नाहीत. "निदान नेलं तरी," म्हणाल्या. "न नेणारे बघ किती आहेत."

पुढं त्याच गावाच्या देवळात आरोग्य खात्याच्या बायका माहिती सांगायला आल्या. लैंगिक आजार कसे होतात, एकाला झाला तर जोडीदाराला कसा होतो, पोटातल्या बाळाला कसा जातो. मी ब्लाऊज पोचवायला गेलेली आणि पिस्ताबाईही आल्या होत्या, सोबत बसायला आणलेलं त्यांचं धुतलेलं चौकोनी फडकं. पुरुष मागं उभे, खांद्याला खांदा मारून हसत. बायका पदरात तोंड घालून. मग तेच उपसरपंच पुढं आले, आणि हात जोडून म्हणाले, "ताई, माहिती लई चांगली हाय. पन आपल्या गावात असलं काय न्हाई. हे सगळं बाहेरच्या मजुरांचं आन् तमाशातल्या बायांचं. आपली मानसं देवाधर्माची."

टाळ्या पडल्या.

पिस्ताबाई उठल्या. मला वाटलं आता बोलतात. पण त्यांनी फडकं झटकलं, घडी केली आणि खालच्या आवाजात एवढंच म्हणाल्या, "घाण." फाट्याला आल्यावर म्हणाल्या, "गेल्याच आठवड्यात मलम नेलं त्यानं. आणि बायकोला अंगावरून जातंय तर तिला देवीला नवस बोलायला लावलाय. तमाशातल्या बाया म्हणे. त्यांच्याकडं कोण जातं? आभाळातनं पडतात गिऱ्हाइकं?"

मग एकदम थांबल्या. "मी हे बोलले तुला? बोलायला नको होतं." आणि घरात जाऊन हात धुतले. तोंडही धुतलं. त्यांच्या कायद्यातून त्यांची स्वतःचीही सुटका नव्हती.

सगळ्यात जास्त त्यांचं वाकडं होतं ते गुरुवारच्या डॉक्टरशी. त्या बाजूला फिरलेल्यांना हे ठाऊक असेल. एसटी स्टँडच्या मुतारीत, पुलाखाली, विजेच्या खांबावर पिवळे कागद चिकटवलेले असतात: गुप्तरोग, धातू जाणे, मूल न होणे, खात्रीशीर इलाज, दर गुरुवारी अमक्या लॉजवर भेटा. तसा एक फाट्याच्या लॉजवर बसायचा. कसला डॉक्टर कोण जाणे. पांढरी पँट, बोटात अंगठ्या, आणि काचेच्या बरणीत घालून ठेवलेलं काहीतरी, जे तो पेशंटला दाखवून घाबरवायचा. एकदा तो आमच्याकडं आला. दुकानासमोरच्या बाकावर बसून म्हणाला, "भाभीजी, माझी पुडी तुमच्याकडं ठेवा. माणसं मी पाठवतो."

"पुडीत काय असतं?"

"ते सिक्रेट असतं."

"तुम्हाला तरी माहीत आहे का?"

तो हसला. हसत हसत उठून गेला. बाईंनी पारसला बादली आणायला लावली आणि तो बाक फिनेलनं दोनदा धुतला. त्या दिवसापासून त्याचे कागद आमच्या शटरवर चिकटायला लागले. दर गुरुवारी पहाटे चिकटलेले असायचे आणि दर गुरुवारी सकाळी पिस्ताबाई गरम पाणी आणि पारसची लोखंडी पट्टी घेऊन ते खरवडायच्या. पारस म्हणायचा, "मी काढतो ना आई." तर म्हणायच्या, "तू कोपरे सोडतोस."

आता माझ्या बहिणीचं सांगते. मला लिहायचं आहे ते खरं तर तेच.

सुरेखा माझ्यापेक्षा मोठी. आंबेगाव तालुक्यात, मंचरच्या पलीकडं दिलेली. घर बरं. किसनदाजींची पिकअप गाडी, टमाट्याचे क्रेट भरून लांबलांबच्या मार्केटला न्यायचे. आठ-आठ दिवस बाहेर. तिला पहिल्यांदा दिवस गेले ते सातव्या महिन्यात पोटातच संपलं. दुसऱ्यांदा मूल झालं आणि काही तासांत गेलं. सासू कोंडाबाई. तिनं सुरेखाच्या हातची ओटी कुणी भरून घेऊ नये असं भावकीत सांगितलं. डोहाळजेवणाला बोलावणं बंद. भगताकडं नेलं, त्यानं तिच्या कपाळाला अंगारा लावला आणि एका पायावर उभं केलं. तिची कूस खराब, पाऊल वाईट. आणि मग बोरी बुद्रुकच्या एका मुलीचं नाव निघायला लागलं. किसनचं दुसरं लग्न. सुपारी फुटायची बाकी.

सुरेखा त्या वेळी माझ्या खोपटात येऊन बसली होती. तिसऱ्यांदा दिवस राहावेत असं म्हणायची तिला हिंमतच उरली नव्हती. नुसती धाग्याची रिळं रंगाप्रमाणं लावत होती. म्हणाली, "मंगे, बोरीची पोरगी लई चांगली हाय म्हनं. तिला होत्याल पोरं."

पडदा बाजूला झाला. पिस्ताबाई. पहिल्यांदाच मी त्यांना पडद्यातून डोकावताना पाहिलं.

"रक्त तपासलं होतं तुझं?"

सुरेखानं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली, सांग म्हणून.

"तपासलं व्हतं. दुसऱ्या टायमाला, सरकारी दवाखान्यात. सिफिलिस का काय म्हनल्या डॉक्टरीणबाई. गरमी. इंजेक्शनं दिली कमरेत."

"आणि नवऱ्याला?"

"घिऊन या म्हनल्या व्हत्या. पन आत्या म्हनल्या, त्याला काय झालंय? रोग तुज्या अंगात, आन् सुई माज्या पोराला का?"

पिस्ताबाई म्हणाल्या, "एकाच ताटात दोघं जेवता. अर्धं ताट घासायचं आणि अर्धं उष्टं ठेवायचं. आणि परत त्याच ताटात जेवायचं." मग आवाज खाली गेला. "शी."

सुरेखाला वाटलं ही शी तिला. ती उठायला लागली. तेव्हा बाई म्हणाल्या, "बस. तू नाहीस घाण."

मला माहीत आहे, आमच्याकडं हीच चूक घरोघर होते. बाई दवाखान्यात जाते कारण तिला दिवस जातात, तिचं रक्त तपासलं जातं, म्हणून आजार तिच्या नावावर पडतो. पुरुषाचं रक्त कोण तपासतं? तो गाडी घेऊन बाहेर. आणि ती बरी होते, तो येतो, परत तेच. मग म्हणायचं, हिला औषधच लागू पडत नाही. मी पिस्ताबाईंच्या मागंच लागले. "भाभी, तुम्ही सांगा ना तिच्या सासूला. तुमचं ऐकतील."

"मी सांगितलं तर भांडण होईल. मारवाड्याच्या बाईनं आमच्या पोराचं नाव घेतलं म्हणतील, आणि तुझी बहीण त्यात चेंगरेल. त्याचं त्यानं सांगायला पाहिजे."

"ते कसले सांगतात?"



दाजी आले ते एका गुरुवारी, भर दुपारी. मी पत्र्याआड आहे हे त्यांना माहीत नव्हतं. त्या दुकानाशी माझी जागा लागून आहे हेच त्यांना कधी कळलं नसावं, मेहुणीच्या धंद्याकडं कोण बघतं? आवाजावरनं ओळखलं मी. लॉजवरच्या गुरुवारच्या डॉक्टरनं लिहून दिलेली चिठ्ठी ताटलीत ठेवली आणि म्हणाले, "शेठाणी, हे द्या. कागदात बांधून."

माझं मशीन थांबलं.

"आम्ही कागदात देत नाही. आणि हे औषधही नाही. ह्यानं दुखणं वरून सुकतं आणि आत राहतं. कधीपासून चाललंय?"

"तुमाला काय करायचंय?"

"मला काही नाही करायचं. बायको आहे?"

"हाय. पन तिच्यातच दोष हाय. दोन पोरं गेली तिची. आता दुसरी करायलोय."

पुढचा आवाज आला तो नळाचा. पिस्ताबाई ताटली धूत होत्या. चिठ्ठी टाकलेली ताटली, त्यांच्या देखत, साबण लावून, दोन्ही बाजूंनी. बराच वेळ पाणी चाललं. मग पुसून परत काउंटरवर ठेवल्याचा आवाज.

"दुसरी आण," त्या म्हणाल्या. "तिचं मूल मरेल. मग तिचा दोष. मग तिसरी आण. मी कुणाला एक शब्द सांगणार नाही, माझा कायदा आहे तो. पण माझ्या दुकानाची पायरी चढू नकोस. मला किळस येते."

मला वाटलं दाजी आता शिव्या देणार. पण असा आवाज आला की तो दाजींचा आहे हे मला पटेना, शाळेतल्या पोरासारखा.

"शेठाणी, मला मोठा आजार तर नसंल ना?"

"तपासल्याशिवाय कसं सांगू?"

"त्यो लॉजवाला म्हनतो हाय. म्हनतो पैसं आन, उतरवतो. मी रात-रात गाडीत बसून ऱ्हातो. कुनाला इचारू?"

पिस्ताबाईंनी पारसला हाक मारली, "गल्ल्यावर बस." मग पडद्याकडं तोंड करून म्हणाल्या, "मंगल, तू पण चल. सोबत हवी मला." दाजींचा चेहरा मला तेव्हा दिसला. जमीन फाटली असती तर गेले असते आत.

पिस्ताबाई टमाट्याच्या पिकअपमधे बसल्या हे मी कुणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही. गाडीत नासक्या टमाट्याचा आंबूस वास, सीटवर सांडलेला रस, पायाशी गुटख्याच्या पुड्या. त्यांनी आपलं धुतलेलं फडकं पसरलं, त्यावर अंग चोरून बसल्या, पदर नाकाला. आम्ही सरकारी दवाखान्याकडं निघालो. वाटेत पुलाखालचा पिवळा कागद दिसला तेव्हा त्या म्हणाल्या, "थांबव," आणि परत म्हणाल्या, "नको, चल. आधी हे."

दवाखान्यातल्या बाईंनी दाजींना वेगळ्या खोलीत नेलं, दार लावून बोलल्या. आम्ही बाहेर बाकावर. पिस्ताबाईंनी बाकावरही फडकं पसरलं. रक्त घेतलं, मग परत बोलावलं. मोठा आजार, म्हणजे एड्सचा, नव्हता. गरमी होती, जुनी. इंजेक्शन कमरेत, आणि पुढचीही घ्यायला यायचं, आणि सुरेखानंही त्याच वेळी परत घ्यायचं, तोवर दोघांनी लांब राहायचं.

आतून दाजी ओरडले. बाहेर आले ते लंगडत, डोळ्यांत पाणी. "आयला, लई दुखतंय वो."

"तुझ्या बायकोनं पण घेतलंय हेच," पिस्ताबाई म्हणाल्या. "तिचा आवाज आला होता का कुणाला?"

बोरीच्या सोयरिकीबद्दल दाजींनी आईला सांगितलं, "आता नको." का, ते नाही सांगितलं. दोघांनी इंजेक्शनं पुरी केली. सुरेखा दर खेपेला माझ्याकडं उतरायची आणि दाजी गाडी लांब उभी करायचे. रक्त परत तपासून झालं. पुढं तिला दिवस राहिले. ते नऊ महिने मी कसे काढले हे माझं मला माहीत. पिस्ताबाई काही विचारायच्या नाहीत, फक्त फोन वाजला की पलीकडचं बोलणं थांबायचं. आणि मुलगा झाला. रडला. राहिला.

पण दोष कुणाचा ते तसंच राहिलं होतं, सुरेखाच्या अंगावर.

कोंडाबाई पेढे घेऊन आळेफाट्याला आली, माझ्याकडं आणि माझ्या जागेच्या मालकीण म्हणून पिस्ताबाईंकडंही. सोबत दाजी. सुरेखा बाळाला घेऊन माझ्या खोपटाच्या दारात. भर बारा वाजलेले, ऊन नुसतं पेटलेलं. कोंडाबाईनं पेढ्याचा पुडा काउंटरवर ठेवला, ताटलीच्या शेजारी.

"घ्या शेठाणी, नातू झाला. भगताला बोकड कबूल केलं व्हतं, त्याचा गुन आला बगा. न्हाईतर हिची कूस म्हंजी..."

सुरेखानं बाळाच्या टोपीची नाडी बांधली. बांधलेलीच होती, सोडून परत बांधली.

पिस्ताबाईंनी पेढ्याकडं बघितलं. मग दाजींकडं. दाजी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होते.

"माझा दिवस मावळला," बाई म्हणाल्या.

कोंडाबाईनं बाहेर बघितलं. रस्त्यावर सावलीसुद्धा नव्हती. "अवो, बारा वाजल्यात."

"मावळला माझा."

"आता ह्ये काय राव? पोराच्या नावानं एक पेढा खायला..."

पिस्ताबाई ताटली पुसू लागल्या. पारस कोंडाबाईला काहीतरी समजावायला पुढं झाला, तर त्यांनी त्याला नुसतं बोटानं मागं सारलं. कुणाचंच काही चालेना. कोंडाबाई पुडा उचलून निघाली. पायरी उतरली. सुरेखा तिच्या मागं वळली, मान खाली.

"आये," दाजी म्हणाले.

कॅलेंडरकडंच तोंड होतं त्यांचं.

"भगताचं काय न्हाई त्यात. रोग माज्या अंगात व्हता. माज्यामुळं गेली ती पोरं. हिचा काय दोष न्हाई. मी सुया घेतल्या तवा झालं हे."

कोंडाबाईनं आधी काय केलं असेल, तर रस्त्याकडं बघितलं, कुणी ऐकलं का म्हणून. बाकावर एक म्हातारा झोपलेला, बाकी कुणी नाही. मग पदर तोंडाला लावला आणि म्हणाली, "घरी बोलायचं व्हतं की रं."

"घरी व्हईना," दाजी म्हणाले.

त्यावर कोंडाबाई काही चांगलं बोलली नाही. माफी नाही, सुनेच्या पाठीवर हात नाही. मला ती तेव्हाही किळसवाणी वाटली आणि आजही वाटते. पण पुडा तिच्या हातात तसाच राहिला होता. तो सुरेखानं तिच्या हातातून घेतला. आयुष्यात सासूच्या हातातून तिनं काही घेतलेलं मी तेवढंच बघितलं. ती परत पायरी चढली आणि पुडा उघडला.

पिस्ताबाईंनी मान वाकडी करून बाहेरच्या उन्हाकडं बघितलं.

"दिवस आहे अजून," म्हणाल्या, आणि ताटली पुढं केली.

पुढं माझं लग्न होऊन मी कच्छात आले, गांधीधामला. नवरा कंटेनरच्या यार्डात आहे, मी ड्रायव्हर लोकांच्या खानावळीत पोळ्या लाटते. इथंही आरोग्याची गाडी येते, रक्त तपासायला या म्हणते, आणि पोरं खांद्याला खांदा मारून हसतात. इथल्याही भिंतीवर तसेच कागद असतात, फक्त वार वेगळा. मी पोळी वाढताना म्हणते, "भैया, जाके आओ ना." कुणी जातो, कुणी हसतो. मला भीती वाटते म्हणताना. तरी म्हणते.

फाटा सोडला तो गुरुवारच होता. गाडी सकाळची. निरोप घ्यायला दुकानाशी गेले तर पिस्ताबाई शटरसमोर उकिडव्या बसलेल्या, बाजूला बादलीतून वाफ येत होती, हातात लोखंडी पट्टी. कागद रात्री चांगलाच चिकटवलेला होता. मी वाकून पाया पडायला गेले, तर पाय मागं घेतले त्यांनी.

"हात घाण आहेत माझे," म्हणाल्या. "तिकडं पोचलीस की फोन कर."

गाडी सुटली तेव्हा मी खिडकीतून बघितलं. मधला कागद निघाला होता. त्या कोपरे खरवडत होत्या.